नऊ-तीनचं गाव

डोक्याला मार बसलेला पेशंट कॅज्युअल्टीत आला की डॉक्टरनं त्याला तीन ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. नाव काय, आज वार कोणता, पंतप्रधान कोण. माणूस कितपत भानावर आहे ते त्यावरून कळतं. 1975 च्या जानेवारीत मी मिरजेहून इथं आलो आणि पहिल्याच शनिवारी रात्रपाळीच्या सिस्टरनं मला बजावलं, की या गावात आणखी एक चौथा प्रश्न असतो. तेवढ्यात रग्बी खेळताना आपटलेला एक पोरगा स्ट्रेचरवरून आलाच. वार त्याला आठवेना. पंतप्रधान म्हणून त्यानं ज्यांचं नाव घेतलं ते गेल्या वर्षीच पायउतार झाले होते. सिस्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "स्कोअर काय?" पोरानं डोळेही न उघडता उत्तर दिलं, "नऊ-तीन." सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाली, "एक्स-रे काढा डॉक्टर, पण याचं काही बिघडलेलं नाही."

मला काहीच कळलं नव्हतं. कुणाचा स्कोअर, कधीचा, कशाचा. पुढे सत्तेचाळीस वर्षं याच गावात काढली, तेव्हा कुठे थोडंफार कळलं असं म्हणतो.

आपल्या मराठी मंडळाचा इतिहास या स्मरणिकेत चिटणीस लिहिणार आहेतच; संपादकांनी माझ्याकडे मागितला तो आपण ज्या गावात राहतो तिथल्या सर्वांत लाडक्या संस्थेचा. वेल्समधल्या या लनेथलीच्या रग्बी क्लबला 2022 मध्ये दीडशे वर्षं झाली आणि त्या नऊ-तीनला पन्नास. मी रग्बीचा चेंडू आयुष्यात दोनदा हातात धरला असेल, तोही मैदानाबाहेर आलेला परत फेकायला. तेव्हा हा इतिहास खेळाडूचा नाही, टाके घालणाऱ्याचा आहे असं समजून वाचावा.

आधी गावाच्या नावाचं उरकून घेतो, कारण आपल्यापैकी निम्मे लोक अजून ते 'लानेली' म्हणतात आणि इथले लोक सभ्यपणे ऐकून घेतात. नावात दोनदा येणारा तो वेल्श उच्चार देवनागरीत लिहिता येत नाही. जीभ 'ल' म्हणायच्या जागी टेकवायची, आणि 'ल' न म्हणता तिच्या बाजूनं नुसती हवा सोडायची. माझ्या घरमालकीणबाईंनी मला हे स्वयंपाकघरात उभं करून शिकवलं. मी लनेथली लिहितो, ते आपलं भागवून नेणं आहे.

गाव पत्र्याचं. पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा चढवायचा आणि तो पत्रा डबे करायला जगभर पाठवायचा, हा इथला एकोणिसाव्या शतकातला धंदा. त्यावरून गावाला टिनोपोलिस असं नावच पडलं होतं. घरमालक आजोबांनी अख्खी हयात या कामात घालवलेली. डाव्या हाताचं एक पेर पत्र्यानंच नेलेलं. जुन्या कारखान्यात पत्रे हातानं वितळलेल्या कथलात बुडवायचे, आणि मुलामा नीट बसावा म्हणून वर पामतेल असायचं, हे ते सांगायला लागले तेव्हा मी म्हणालो, ही तर कल्हई झाली! मग त्यांना आमच्या गल्लीतला कल्हईवाला सांगितला. भाता, तापलेलं पातेलं, नवसागराचा नाकात जाणारा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं एका हिसक्यात आत पसरणारी ती चांदीसारखी झळाळी. आजोबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे कारखाना माणसाच्या दारात येतो?" या एका गोष्टीमुळे त्या घरात माझी किंमत एकदम वाढली.

कथलाचा मुलामा चढला की पुढची पायरी भांडी. लनेथलीत पातेली बनत, आणि त्यामुळे या क्लबचं चिन्ह काय, तर पातेलं. वाघ नाही, गरुड नाही, मुठीत धरलेली तलवार नाही. गोलच्या खांबांच्या टोकांवर लाल रंगाची पातेली बसवलेली असतात. गाणंही पातेल्याचंच, 'सोस्बन वाख', म्हणजे छोटंसं पातेलं. घरात एकाच वेळी सगळ्यांचं काही ना काही बिनसलेलं आणि चुलीवर पातेलं उकळतंय, एवढाच त्या गाण्याचा मामला. वीररस औषधालाही नाही. पण हजारो माणसं सुरात सूर मिसळून ते म्हणायला लागली की पाहुण्या संघाच्या पोटात गोळा येतो, हे मी स्वतः बघितलेलं आहे. 'वाख' म्हणजे छोटी, लाडकी. पातेलं त्यांच्या भाषेत स्त्रीलिंगी म्हणून वाख, पुरुषाला 'बाख'. घरमालकीणबाई मला शेवटपर्यंत 'डॉक्टर बाख' म्हणत. आपल्याकडे म्हातारीनं 'बाळा' म्हणावं तसं.

क्लबचा जन्म 1872 चा मानतात. इंग्लंडातल्या बड्या शाळांतून हा खेळ शिकून आलेल्या मुलांनी तो वेल्समध्ये आणला. तिकडे तो साहेबांचा राहिला, इकडे मात्र खाणीतल्या आणि भट्टीवरच्या माणसांनी तो उचलला. कारण उघड आहे. दिवसभर अंग मोडून काम करणाऱ्या माणसाला शनिवारी दुपारी अंग मोडून घेण्यात विशेष काही वाटत नाही. 1879 पासून क्लबचं मैदान म्हणजे स्ट्रॅडी पार्क. जर्सी लालभडक. म्हणून संघाचं दुसरं नाव स्कार्लेट्स. 1891 मध्ये अमेरिकेनं बाहेरच्या पत्र्यावर जबर जकात बसवली आणि इथले कारखाने आडवे झाले. अनेक कुटुंबं अमेरिकेला गेली. क्लब मात्र चालूच राहिला. नाहीतर करमणूक म्हणून दुसरं होतं तरी काय, एक चॅपल आणि दुसरा पब.

1908 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ पहिल्यांदाच या देशाच्या दौऱ्यावर आला. त्याला लनेथलीनं 8–3 असं हरवलं. ते लगेच गाण्यात गेलं. या गावात एखादी गोष्ट खरंच घडली की नाही याचा पुरावा हवा असेल तर ती गाण्यात आहे का ते बघायचं.

दोन महायुद्धांच्या मधल्या मंदीत गावाचा देव होता अल्बर्ट जेंकिन्स. गोदीवर मजुरी करणारा, वेल्सकडून 14 सामने खेळलेला. आजोबा त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. त्या वेळी, आणि पुढे 1995 पर्यंत, या खेळात सामना खेळायचे पैसे घेणं म्हणजे पाप. पैसे हवे असतील तर उत्तर इंग्लंडात जाऊन रग्बी लीग खेळायची. आणि एकदा तिकडे गेलेल्या माणसाला इकडची दारं जन्मभर बंद. गावात लीगचा दलाल दिसला की लोक त्याच्याकडे मुलगी पळवायला आलेल्यासारखं बघत. अल्बर्टला अशी अनेक बोलावणी आली आणि तो गेला नाही. क्लबचाच लुईस जोन्स मात्र 1952 मध्ये लीड्सला गेला, तेव्हाच्या विक्रमी 6,000 पौंडांना. आजोबांना विचारलं, त्यानं चूक केली का? ते म्हणाले, "6,000 पौंड मिळवायला मला किती वर्षं पत्रा उचलावा लागला असता ते मी तेव्हाच हिशेब करून बघितलं. मग त्याला शिव्या देणं सोडलं." त्यांच्या मालकीणबाईंनी मात्र सोडलं नव्हतं.

आता क्लबचा प्रशिक्षक कार्विन जेम्स याच्याकडे येतो, कारण त्याच्याशिवाय नऊ-तीन नाही.

कार्विन जवळच्याच केव्हनेइथिन या खेड्यातला, खाणकामगाराचा मुलगा. वेल्सकडून 1958 मध्ये दोनच सामने खेळला. पेशानं वेल्श भाषेचा आणि साहित्याचा शिक्षक. नौदलातल्या सक्तीच्या नोकरीत रशियन शिकून आलेला. सतत सिगारेट. 1970 च्या निवडणुकीत वेल्श राष्ट्रवादी पक्षातर्फे लनेथलीतूनच उभा राहिला आणि हरला. पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा लायन्स संघ घेऊन तो न्यूझीलंडला गेला आणि तिथं मालिका जिंकून आला. लायन्सना न्यूझीलंडमध्ये आजवर जिंकता आलेली तीच एक मालिका. आरडाओरडा न करणारा, खेळाडूला प्रश्न विचारणारा हा मास्तर. तू असा का पळालास, तिथं दुसरं काय करता आलं असतं, असं विचारत बसायचा. मला तो नेहमी आपल्याकडच्या जुन्या मराठीच्या सरांसारखा वाटत आला आहे, जे व्याकरण शिकवता शिकवता संध्याकाळी आखाड्यातही दिसत. असे सर मला लाभले होते, म्हणून म्हणतो. एवढ्या मोठ्या माणसाला वेल्सच्या राष्ट्रीय संघाचं काम कधीच मिळालं नाही. त्याला निवड आपल्या हातात हवी होती, वरच्यांना ते मान्य नव्हतं. यावर गावात आजही भांडणं होतात आणि त्यातलं एक मी स्वतः केलेलं आहे.

क्लबच्या शताब्दीच्या मोसमात न्यूझीलंडचा ऑल ब्लॅक्स संघ स्ट्रॅडी पार्कवर खेळायला आला. 31 ऑक्टोबर 1972, मंगळवार.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पंधरा विरुद्ध पंधरा. चेंडू लांबट. हातानं द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे न्यायचा तर पळत किंवा लाथेनं. समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. त्या वेळी त्याचे 4 गुण. त्यानंतर चेंडू खांबांमधून आडव्या दांडीवरून मारला की आणखी 2. दंडाच्या लाथेचे 3. मी आजोबांना याच्या बदल्यात हुतूतू समजावून सांगितला होता. त्यांना तो पटला, फक्त चेंडू नाही हे ऐकून ते बराच वेळ गप्प झाले.

संघाचा कर्णधार डेल्मे थॉमस, वीजमंडळात खांबांवर चढून तारा ओढणारा उंच, अबोल गडी. तीन वेळा लायन्सबरोबर दौरे केलेला. सामन्याआधी खोलीत तो जे बोलला ते इथं शाळेतल्या पोरालाही माहीत आहे: वेल्सकडून खेळल्याची मानाची टोपी, लायन्सचे दौरे, मिळवलेलं सगळं आजच्या विजयावरून ओवाळून टाकायला मी तयार आहे, अशा अर्थाचं काहीतरी. एरवी बडबड करणारा माणूस असता तर कुणी मनावर घेतलं नसतं. हा बोलला म्हणून मोठमोठ्या गड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

खेळ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील. फिल बेनेटनं लांबून दंडाची लाथ मारली. चेंडू आडव्या दांडीवर आपटला आणि परत मैदानात पडला. न्यूझीलंडच्या लिंडसे कॉलिंगनं तो धरला आणि लाथेनं बाहेर काढायला गेला, तोच रॉय बर्जियर्स त्याच्या अंगावर आला. लाथ बर्जियर्सवरच बसली, चेंडू रेषेपलीकडे घरंगळला, आणि बर्जियर्स त्याच्यावर पडला. ट्राय. त्यावर बेनेटचे 2. सहा-शून्य. गंमत बघा, बेनेटची लाथ बरोबर बसली असती तर फक्त 3 मिळाले असते. चुकली म्हणून 6 झाले. पुढे जो कॅरमनं न्यूझीलंडसाठी दंडाचे 3 मिळवले. उत्तरार्धात अँडी हिलनं भलत्याच अंतरावरून लाथ मारली आणि ती गेली. नऊ-तीन. उरलेला वेळ नुसता रेटारेटीचा. काळ्या जर्सीची लाट यायची आणि लाल भिंतीवर फुटायची. शिट्टी वाजली आणि लोक मैदानात घुसले. डेल्मेला खांद्यावर घेतलं. गुणफलकाचा फोटो प्रसिद्ध आहे: वर लनेथली 9, खाली वेल्श भाषेत सेलंड नेवीद 3. त्या संध्याकाळी गावातल्या पबमधली बिअर संपली, असं सांगतात. वेल्श गायक मॅक्स बॉइसनं त्यावर रचना केली आणि ती सगळ्या वेल्सला पाठ झाली.

मैदानावर त्या दिवशी सुमारे 20,000 माणसं होती. आपण तिथं होतो म्हणणारे एवढे तर मला कॅज्युअल्टीतच भेटले असतील. एकानं मला सामना पाहिल्याचं सविस्तर सांगितलं. केसपेपरवर त्याची जन्मतारीख बघितली तर 1971 ची. मी काही बोललो नाही. आईच्या कडेवर असेल.

त्या पंधरा जणांबद्दल थोडं मोकळेपणानं लिहायचं आहे, कारण बाकी सगळं कुठेही वाचायला मिळतं.

फिल बेनेट पलीकडच्याच व्हेलिनव्हॉइलचा, पोलाद कारखान्यात काम केलेला, बुटका. मैदानावर तो समोरच्या माणसाला डावीकडे पाठवून स्वतः उजवीकडे निघून जायचा, आणि तो माणूस बराच वेळ डावीकडेच शोधत राहायचा. मी त्याला स्ट्रॅडीवर कितीदा पाहिलं असेल. प्रत्येक वेळी मला आमच्या गल्लीत खोखो खेळताना खांबाशी हूल देणाऱ्या पोरांची आठवण व्हायची. वेल्सकडून 29 सामने, 1977 मध्ये लायन्सचा कर्णधार, पण राहायला कायम इथंच. 2022 च्या जूनमध्ये तो गेला. जे. जे. विल्यम्स धावपटू, 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेल्सकडून पळालेला. त्याला चेंडू हातात घेऊन पळण्यापेक्षा तो पुढे लाथाडून त्याच्याशी शर्यत लावणं आवडायचं, आणि शर्यत बहुतेक तोच जिंकायचा. तो 2020 मध्ये गेला. डेरेक क्विनेल हा असा गडी, की वेल्सनं घ्यायच्या आधी लायन्सनं त्याला घेतलं. पुढे त्याचे मुलगेही लाल जर्सीत आले. चिको हॉपकिन्स वेल्सकडून एकदाच खेळला, 1970 मध्ये इंग्लंडविरुद्ध, त्या जागेवर नेहमी खेळणाऱ्या गॅरेथ एडवर्ड्सला दुखापत झाली म्हणून, सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात. तेवढ्यात त्यानं हरत आलेला सामना फिरवला, आणि वेल्सकडून पुन्हा कधी त्याला संधी मिळाली नाही.

यांची नावं निदान मोठ्या वह्यांत आहेत. माझा जीव जडला आहे तो दुसऱ्यांवर. मागे उभा राहणारा रॉजर डेव्हिस, पुढच्या फळीतले टोनी क्रॉकर आणि रॉय 'शंटो' थॉमस, हेफिन जेंकिन्स, गॅरेथ जेंकिन्स, आणि तो लांबची लाथ मारणारा अँडी हिल. ऑल ब्लॅक्सना हरवणाऱ्या या सहा जणांना वेल्सच्या मुख्य संघाची टोपी एकदाही मिळाली नाही. गॅरेथ पुढे वेल्सचा प्रशिक्षक झाला, तो भाग वेगळा. टोपी नाही म्हणून गावात त्यांना कुणी कमी लेखलं नाही. उलट चार शब्द जास्तच बोलले जातात. बॅरी लुएलिन आणि टॉम डेव्हिड यांची नावं घेतली म्हणजे पंधरा जवळजवळ पुरे झाले.

एक राहिला. रे ग्रॅव्हेल.

रे मिनिद-अ-गारेगचा. त्या दिवशी एकवीस वर्षांचा. लाल दाढी, दांडगा बांधा, आणि मन मात्र काचेचं. आपण आज नीट खेळलो का, हे तो सामन्यानंतर ज्याला-त्याला विचारत फिरायचा अशी त्याची ख्याती. वेल्श गाणी म्हणायचा, सिनेमात काम करायचा, रेडिओवर बोलायचा. वेल्श कवींच्या मोठ्या वार्षिक संमेलनात, आइस्टेथवॉडमध्ये, ती भलीमोठी तलवार धरायचा मान त्याला होता. मधुमेहानं त्याचा एक पाय गेला, 2007 मध्ये. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला, त्या सामन्याला बरोबर पस्तीस वर्षं झाली त्या दिवशी, स्पेनमध्ये सुटीवर असताना तो गेला. त्याचा अंत्यविधी स्ट्रॅडी पार्कवरच झाला, हजारो माणसांसमोर. डॉक्टर म्हणून मी तारखांच्या योगायोगांवर विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी मैदानावर उभा होतो तेव्हा मात्र तसं कुणाला सांगायला गेलो नाही.

नऊ-तीननंतरची वर्षं सुखाची गेली. तीनच महिन्यांनी कार्डिफला बार्बेरियन्स नावाच्या निमंत्रित संघानं त्याच ऑल ब्लॅक्सना पुन्हा हरवलं. गॅरेथ एडवर्ड्सचा जो ट्राय जगभर अजून दाखवतात तो त्या सामन्यातला. त्याची सुरुवात बेनेटच्या हुलकावण्यांनी झाली, आणि एडवर्ड्सच्या हातात चेंडू येण्याआधी तो टॉम डेव्हिड आणि क्विनेल यांच्या हातांतून गेला. एका ट्रायमध्ये आमची तीन माणसं. वेल्श कप तर क्लबनं 1973 ते 1976 सलग चार वर्षं जिंकला. मी आलो ते नेमका या भरात, आणि त्यामुळे माझी अशी समजूत झाली की ही मंडळी दरवर्षी जिंकतातच. ती पुढे व्यवस्थित दूर झाली. तरी 1992 मध्ये, जगज्जेते म्हणून आलेल्या ऑस्ट्रेलियाला 13–9 असं हरवलं तेव्हा मी मैदानावर होतो. हे मी ठासून लिहितो, कारण या वेळी मी खरंच होतो.

1995 नंतर खेळात पैसा आला. खेळाडूला पगार मिळायला लागला हे चांगलंच झालं. खांबावर चढून, भट्टीवर उभं राहून आलेल्या माणसानं वर फुकट हाडं मोडून घ्यावीत, यात उदात्त असं काही मला कधी दिसलं नाही. पण पगार द्यायला पैसा लागतो, आणि लहान गावाकडे तो नसतो. 2003 मध्ये वेल्समध्ये क्लबांच्या वर प्रादेशिक संघ आले. स्कार्लेट्स हा त्यातला एक, आणि जुना लनेथली क्लब त्याच्या खालच्या पायरीवर राहिला. पैशाच्या ओढाताणीत स्ट्रॅडीची जागा विकावी लागली. तिथं आता घरं आहेत. 2008 च्या नोव्हेंबरपासून संघ गावाबाहेरच्या नव्या मैदानावर, पार्क अ स्कार्लेट्सवर, खेळतो. पातेली तिकडे गेली, रेचा पुतळा तिकडे उभा आहे. 2017 मध्ये डब्लिनला मन्स्टरचा 46–22 असा धुव्वा उडवून प्रादेशिक संघांची लीगही जिंकली, आणि फार सुंदर खेळून जिंकली. नव्या मैदानाला नावं ठेवणाऱ्यांना मी ते आकडे सांगतो.

पत्र्याचं काय झालं? ते काम अजून चालू आहे. आजोबांचे जुने कारखाने गेले आणि पन्नासच्या दशकात गावाच्या टोकाला त्रोस्त्रेचा मोठा कारखाना आला. 2007 मध्ये तो टाटांकडे गेला. फाटकावर ते निळं नाव लागलं त्या आठवड्यात तीन पेशंटांनी मला विचारलं, की हे टाटा तुमच्या नात्यातले का. मी म्हणालो, नाही, पण आमच्या घरातला पहिला ट्रक त्यांचाच होता. तेवढं त्यांना पुरलं.

स्ट्रॅडीवरच्या शेवटच्या रात्रीचं सांगायचं राहिलं. 24 ऑक्टोबर 2008, सामना ब्रिस्टलशी. मी नेहमीप्रमाणे टॅनर बँक नावाच्या चढणीवर उभा. टॅनर म्हणजे जुनं सहा पेनीचं नाणं. तीस वर्षं माझ्या शेजारी उभा राहणारा एक निवृत्त पत्रा-कामगार होता. आमचं बोलणं चेंडूपुरतंच असायचं. त्याचं आडनावही मला फार उशिरा कळलं. मध्यंतराला त्यानं थर्मासमधला चहा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "डॉक्टर, इतकी वर्षं इथं उभे आहोत, तुम्हाला मी कधी विचारलंच नाही. बहात्तरला तुम्ही कुठे होतात?"

या गावात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मी म्हणालो, जतला. मग त्याला सांगावं लागलं. बहात्तरचा दुष्काळ, मी मिरजेला मेडिकलला, आणि आम्हा पोरांना जत तालुक्यात दुष्काळी कामावर लस टोचायला पाठवलेलं. दिवाळी तोंडावर आली होती. उघड्या माळावर हजारो माणसं रांगेनं खडी फोडत बसलेली, बायका बांगड्या दंडापर्यंत वर सरकवून हातोडी मारायच्या. पाणी टँकरनं यायचं आणि ते येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. सुई उकळायलासुद्धा पाणी मोजून घ्यायचो. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाचा खडक दिसायचा. इथं पब कोरडे पडले म्हणतात त्या मंगळवारी मी तिथं होतो.

तो ऐकत राहिला. खेळाडू परत मैदानात आले, लोकांनी पातेल्याचं गाणं धरलं, आणि तो मात्र गात नव्हता. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वाकून त्यानं विचारलं,

"मग पाऊस कधी पडला?"